तयार आहे की नाही, ते तूच सांगायचीस

कुसुम, मागच्या रविवारी सकाळी बेल वाजली तेव्हा मी गॅसपाशी उभा राहून दूध तापवत होतो. तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून पाहुणे आपापल्या गावी गेले होते आणि घरात एकट्याचा तो पहिलाच रविवार होता. आता आणखी कोण सांत्वनाला आलं, असं मनात म्हणत दार उघडलं तर प्रणाली. रामदासपेठेतल्या दवाखान्यातून रात्रपाळी संपवून थेट आलेली. डोळे लाल, केस चापूनचोपून बसवलेले, हातात तुझ्या रविवारच्या इंग्रजी क्लासची कार्डं. "जयभीम काकाजी" म्हणाली, चपला काढल्या आणि नेहमीसारखी दिवाणाजवळच्या स्टुलावर जाऊन बसली. मी म्हटलं, "आता कायचा क्लास, बाई?"

ती म्हणाली, "क्लास नाही काकाजी. तुम्ही फक्त एकदा पेशंट व्हा अन् मले सांगा, मी तयार आहे का नाही. तुम्ही हो म्हणाल तर परीक्षेची तारीख घेते. नाही म्हणाल तर नाही घेत."

तुझा तो एकुलता एक नियम. परदेशात नर्स म्हणून जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेची तारीख तुझ्या मुलींनी स्वतःच्या मनानं घ्यायची नाही. सिस्टर 'तयार' म्हणाल्या की मगच. कित्येक जणींना तू महिनोन् महिने थांबवलंस आणि एकीनंही तुझा शब्द मोडला नाही. आता तू नाहीस, तर त्या पोरीनं तो अधिकार उचलून माझ्या हातात आणून ठेवला. तिच्या वॉर्डात आधीच नर्स कमी आहेत, हे मी तुझ्या खाटेशेजारी बसून पाहिलं होतं. या गावात माझी रोज चौकशी करणारं आता तिच्याशिवाय फारसं कोणी उरलेलं नाही, हेही खरं. माझ्या तोंडात 'नाही' अगदी तयार होतं. पण तेही धड बोलवेना. "पुढच्या रविवारी ये" म्हणून तिला वाटेला लावलं. तोवर दूध उतू गेलं होतं, आणि ते पुसताना तुझी फार आठवण आली, कारण तू असतीस तर आधी रागावली असतीस.

आठवडाभर तुझ्याशीच वाद घालतोय. उत्तर देणारं कोणी नाही म्हणून जरा मोकळेपणानं घालतोय, एवढंच.

तुझ्या या क्लासच्या पायी माझं काय काय झालं, ते कधी मोजलं होतंस का? मी ट्रान्सपोर्ट कंपनीतला बुकिंग क्लार्क. जन्म गेला मालाच्या पावत्या फाडण्यात. तू सरकारी दवाखान्यातून इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झालीस तेव्हा मला वाटलं होतं, आता दोघं मिळून जरा निवांत फिरू. त्याऐवजी वैशाली आली. तुझ्याच वॉर्डात शिकलेली, तुझी लाडकी. म्हणाली, "सिस्टर, मले इंग्लंडला जायचं आहे, पण ते पेशंटशी बोलायची परीक्षा आहे ना, थे नाही जमून राहिली." तू चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंस. मी पेपर वाचत होतो. "तुम्ही जरा दिवाणावर लेटा," म्हणालीस.

त्या दिवशी जो लेटलो तो वर्षानुवर्षं दर रविवारी लेटत राहिलो. कार्डावर लिहिलेलं असायचं की पेशंटला साखरेचा आजार आहे आणि तो गोळ्या घ्यायला तयार नाही. की मी न तयार होणारा पेशंट. कधी मी पाय मोडलेला म्हातारा, कधी दवाखान्यावर चिडलेला मुलगा. एकदा तर दमा झालेल्या बाळाची आई झालो होतो. उशी मांडीवर घेऊन बसलो होतो आणि समोरची पोरगी हसून हसून स्टुलावरून पडायची राहिली. तू मात्र हसली नाहीस. म्हणालीस, "तिकडं हसशील तर नापास होशील. अन् तुम्ही नीट रडा जरा, बाळाले दमा आहे." माझं इंग्रजी तुला कधी आवडलं नाही. "गोरा माणूस असा बोलते का?" असं म्हणत मला टोकायचीस. मी म्हणायचो की मी आपल्या प्रताप नगरचा गोरा आहे, मला माफ कर.

आपल्या मुलींची खरी अडचण वेगळीच होती. व्याकरण त्या पाठ करायच्या, औषधांची नावं त्यांना येतच होती. पण तिकडं पेशंटला त्याच्या नावानं हाक मारायची रीत आहे, म्हातारा असला तरी. आपल्या पोरींच्या तोंडून ते निघेचना. जन्मापासून म्हाताऱ्या माणसाला बाबा, काकाजी, आजोबा म्हणत आलेल्या. 'गुड मॉर्निंग' म्हणायच्या आणि अडकायच्या, आणि मग हळूच 'अंकल' जोडायच्या. तू चिडायचीस. "अंकल नाही. त्यायचं नाव घे." पोरगी विचारायची, "काय नाव घेऊ सिस्टर?" आणि तू बाहेर बोट दाखवायचीस. "दारावरच्या पाटीवर लिवलं आहे ना, थे." कारण तुलाही माझं नाव घेता येत नव्हतं. लग्नात आग्रह झाला तेव्हाही तू लाजून उठून गेली होतीस. सगळ्या जगाच्या म्हाताऱ्यांना नावानं हाक मारायला शिकवणारी मास्तरीण, आणि स्वतःच्या नवऱ्याला 'अहो'. मी त्यावरून तुला किती छळलं. तू म्हणायचीस, "माझी कुठं परीक्षा आहे?"

आपलं भांडण मात्र लुटुपुटूचं नव्हतं. ते वैशाली जायच्या वेळी सुरू झालं आणि शेवटपर्यंत मिटलं नाही.

तुला आठवत असेल, तिच्या व्हिसासाठी छातीचा एक्स-रे काढला तर फुप्फुसावर जुना डाग दिसला. टीबीचा. शिकत असताना तुझ्याच वॉर्डात पेशंटची सेवा करताना तिला तो लागला होता आणि तुझ्याच देखरेखीत ती औषधं घेऊन पूर्ण बरी झाली होती. तरी थुंकीचे नमुने पुन्हा तपासायला गेले आणि त्यांचा निकाल येईपर्यंत ती कितीतरी आठवडे आपल्याकडे येऊन गुपचूप बसायची. मी तेव्हा तापलो होतो. म्हटलं, "पाय कुसुम, त्यायले आपली पोरगी पाहिजे, पण आपल्या लोकांची सेवा करताना तिले लागलेला डाग नाही पाहिजे." तू शांतपणे वैशालीच्या ताटात भाजी वाढत होतीस. म्हणालीस, "डाग जुना आहे. पाहणाऱ्याले नवा वाटते. त्याले तपासू द्या ना, भेव कोणाले नसते? आपणही तर नव्या पेशंटले तपासूनच वॉर्डात घेतो." निकाल चांगला आला आणि तू तिच्या तोंडात साखर घातलीस. मला घातली नाहीस, माझीही साखर वाढेल असं निमित्त करून.

मग तो विमानतळावरचा दिवस. तू भिवापूरचं लाल तिखट डब्यात भरून, वर प्लॅस्टिक बांधून तिच्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवलं होतंस. मोठ्या बॅगेत सांडेल म्हणून. आपण बाहेर काचेला नाक लावून उभे, आणि आतून तिचा फोन आला, रडवेला. "सिस्टर, तिखट काढून घेतलं. म्हणते विमानात हे नेता येत नाही, कोणाच्या डोळ्यात टाकलं तर?" तू फोनवरच सुरक्षेच्या त्या जवानाशी बोलायला निघालीस. "भाऊ, भिवापूरचं तिखट आहे, इतकं महाग तिखट कोणी लोकाच्या डोळ्यात टाकते का?" तो बिचारा काय बोलणार. मीही हसलो, पण घरी परतताना रिक्षात तू बाहेर तोंड करून बसलीस. मला वाटलं तिखटाचं वाईट वाटलं. घरी आल्यावर कळलं, तुला त्या पोरीचंच वाईट वाटत होतं. मी लगेच म्हटलं, की बघ, तिनं जावं असं तुलाही वाटत नव्हतं. आणि भांडण लागलं.

माझं म्हणणं अजूनही तेच आहे, म्हणून लिहितो. मी बुकिंगच्या खिडकीत बसून पाहिलं आहे. आपला संत्रा ट्रक भरभरून बांगलादेशला जायचा. मग त्यांनी आयातीवरचा कर वाढवला आणि इकडं कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे ढीग पडून राहिले. त्याआधी कधी भाव चढला की इथल्याच माणसाला संत्रा घेणं परवडायचं नाही. दूरचं कोणी सीमेवरचे नाके उघडतं, बंद करतं आणि इथं आपल्या ताटात फरक पडतो. प्रणालीच्या बापाची मिरचीच बघ ना. भिवापुरात पिकवलेली, व्यापाऱ्यानं उचललेली, आणि परदेशातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेत कीटकनाशकाच्या फवाऱ्याचा अंश सापडला म्हणून परत आलेली. बापाची मिरची परत येते, पोरीला मात्र तिकडं बोलावणं. मी तुला म्हटलं होतं, "माल बाहेर गेला तर गावात पैसा येते, मान्य. पण गावाले खायलेच उरलं नाही तर काय करावं? वॉर्डात पोरी उरल्या नाही तर आपल्या म्हाताऱ्यांले कोण पाहीन?"

तू भांडी घासत होतीस. मागं वळून न पाहता म्हणालीस, "पोरगी काय संत्र्याची पेटी आहे का? ती आपल्या पायानं जाऊन राहिली. तिले इथं ठेवायचं असन तर इथं ठेवायची सोय करा. ठेक्यावर राबवता, पगार वेळेवर देत नाही, पेशंटचे लोक आईबहिणीवरून शिव्या देते, अन् म्हणता राहा बाई इथंच. काहून राहावं तिनं?"

उत्तर नसलं की मी आवाज चढवायचो, हे तुला माहीत होतं. तू नळ मोठा करायचीस.

कोरोनाच्या वेळी तुझी बाजू जड झाली, हे मी मान्य करतो. आपल्याकडं तो यायच्या आधीच वैशालीचे फोन यायला लागले होते. तिथल्या वॉर्डात काय चाललंय ते ती रडत रडत सांगायची आणि तू वहीशिवाय, पेनाशिवाय सगळं डोक्यात साठवायचीस. पेशंटला पालथं झोपवलं तर श्वासाला बरं पडतं, हे आपल्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा ऐकलं, तिच्या तोंडून, फोनच्या स्पीकरवर. मग तू निवृत्त असूनही जुन्या दवाखान्यात जायला निघालीस. मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, तुझं वय काय, तुझी शुगर काय. तू मास्क बांधत म्हणालीस, "रोग विमानानं आला ना? मग पोरगी जे सांगून राहिली थे मी पायी नेऊन देते. पोरी तिकडं नसत्या तर आपल्याले इतक्या लवकर कोणी सांगतलं असतं?" आणि गेलीस. रोज संध्याकाळी तू अंगणातल्या नळाखाली कपड्यांसकट भिजायचीस आणि मी लांबून टॉवेल फेकायचो. ते दिवस फार भीतीचे होते. तरी आज वाटतं, तेव्हा तू संध्याकाळी परत तरी यायचीस.

पण त्याच वर्षी वैशालीचे वडील गेले आणि विमानं बंद होती. तिनं बापाचं शेवटचं तोंड फोनवर पाहिलं. तिच्या घरी तू गेलीस, मोबाईल हातात धरून उभी राहिलीस. तेव्हा मी तुला टोमणा मारला नाही. एवढी माणुसकी माझ्यात होती, हे लक्षात असू दे.

आणि मग आपली वेळ आली. साधा खोकला म्हणता म्हणता छातीतलं इन्फेक्शन रक्तात गेलं. डॉक्टर म्हणाले, हा जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाही, असे जंतू आता सगळ्या जगात हिंडतात. मी मनात म्हटलं, त्यांना बरं व्हिसा लागत नाही. तुला सांगायला हवं होतं, हसली असतीस. तुला ऑक्सिजनचा मास्क होता, तू डोळ्यांनीच हसली असतीस.

वॉर्डात खाटा भरलेल्या आणि पोरी मोजक्या. बेल दाबली की कोणीतरी यायचं, पण दमलेलं, धावत, दुसऱ्या खाटेवरचं अर्धं सोडून. चूक कोणाची नव्हती. एक पोरगी किती ठिकाणी पुरणार? मी तुझ्या शेजारी बसून ते पाहत होतो आणि माझं डोकं फिरत होतं. आयुष्यभर तू इतक्या नर्स तयार केल्यास. इंग्लंडात, दुबईत, जर्मनीत, कुठं कुठं त्या परक्यांची अंगं पुसत होत्या, आणि तुझं अंग पुसायला मी. मला धड कूस बदलवता येत नव्हती. तू अर्धवट ग्लानीतही मला हातानं दाखवायचीस, उशी कुठं लावायची. एका दुपारी माझ्या तोंडून निघूनच गेलं, "कुठं आहेत वं तुझ्या सगळ्या पोरी?"

तू मास्कखालून काहीतरी म्हणालीस. मी कान जवळ नेला. "एक आहे ना," म्हणालीस.

ती प्रणाली. तिची ड्यूटी असली की मला दोन घास जेवता यायचं. तुझ्यापाशी यायची तेव्हा तिचे हात घाई करत नव्हते, पाय कितीही घाईत असले तरी. तुला झोप जास्त यायला लागली तेव्हा ती दर थोड्या वेळानं येऊन तपासायची, शुद्धीवर आहेस का म्हणून. "सिस्टर, आपण कुठं आहो?" तू म्हणायचीस, "दवाखान्यात." "सिस्टर, आज वार कोणता?" ते तू चुकायचीस. मग तिनं माझ्याकडं बोट केलं. "अन् सिस्टर, हे कोण आहे?"

मला वाटलं, म्हणशील 'मालक', म्हणशील 'घरचे'. तू डोळे उघडून माझ्याकडं पाहिलंस. मास्क थोडा बाजूला सारलास. आणि स्पष्ट म्हणालीस, "वसंत."

प्रणालीनं मान डोलावली आणि पुढच्या खाटेकडं गेली. तिला काय माहीत काय झालं ते. मला मात्र खिडकीकडं तोंड करून उभं राहावं लागलं. मला आधी वाटलं, तुझं डोकं आता ठिकाणावर नाही. पण तू मला खुणेनं बोलावलंस आणि थांबत थांबत म्हणालीस, "नर्सनं विचारलं तर पेशंटनं बरोबर उत्तर द्या लागते. नाही तर ती चुकीचं लिवते." म्हणजे तू पूर्ण शुद्धीत होतीस. सगळा संसार झाला, तू माझं नाव घेतलं नाहीस, आणि घेतलंस ते एका पोरीच्या कामात चूक होऊ नये म्हणून. मला तेव्हा तुझा राग आला होता, खरंच सांगतो. ते नाव मला माझ्यासाठी हवं होतं. आता राग नाही. आता तेवढंच आहे माझ्याकडं, आणि पुष्कळ आहे.

त्याच संध्याकाळी मी तुला विचारलं, "मग हिलेही पाठवशील का?" तू माझ्याकडं पाहिलंस. काहीतरी बोलणार होतीस, मला नक्की माहीत आहे, तुझी भुवई तशी वर गेली होती. तेवढ्यात डॉक्टर आले, मला बाहेर काढलं. नंतर तू बोललीच नाहीस. काय म्हणणार होतीस तू? आठवडाभर मी तुझ्या बाजूनं हरतऱ्हेची उत्तरं देऊन पाहिली. एकही तुझ्यासारखं येत नाही.

तू गेल्यावर वैशालीनं लगेच तिकीट काढलं होतं. पण कुठल्या तरी देशांचं आपसात जुंपलं होतं, आखातावरचं आकाश बंद झालं आणि तिचं विमान रद्द झालं. त्यांच्या भांडणाशी ना तिचा संबंध, ना तुझा. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडपात तुझ्या फोटोजवळ तीन-चार मोबाईल उभे करून ठेवले होते. त्यात तुझ्या पोरी. कोणी गणवेशात, कोणी बसमध्ये, कोणाच्या इथं अजून उजाडायचं होतं. भन्तेजींनी पंचशील दिलं तेव्हा त्या सगळ्यांनी आपापल्या ठिकाणी हात जोडले आणि आवाज मागंपुढं होत एकमेकांत मिसळले. शेजारच्या बायका म्हणाल्या, "किती भाग्यवान, साऱ्या जगातून लोक आले." मी हो म्हटलं. मग मंडपवाल्यानं खुर्च्या उचलल्या, मोबाईलवाले आपापले मोबाईल घेऊन गेले आणि घरात मी राहिलो.

तुला शेवटची आंघोळ प्रणालीनं घातली, हे तुला सांगायचं राहिलं. ड्यूटी संपली होती, तरी थांबली. तुझे केस विंचरले, पांढरी साडी नेसवली, पदर जसा तू घ्यायचीस तसा घेतला. कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणूनच तर तिला सोडवत नाही.

आज रविवार. ती आली. मी आधीच दाढी करून, चादर झटकून बसलो होतो. तू उभी राहायचीस त्या कपाटापाशी आज कोणी नव्हतं, आणि आम्ही दोघांनीही तिकडं पाहायचं टाळलं. तिनं कार्डांचा गठ्ठा पुढं केला, मी न बघता एक जोडी ओढली, एक कार्ड तिचं, एक माझं. छातीच्या आजारातून उठलेला म्हातारा, आज घरी जाणार आहे, नर्सनं त्याच्याशी बोलून घरची व्यवस्था समजून घ्यायची. पेशंटच्या कार्डावर लिहिलं होतं की माझी मुलगी जवळच राहते आणि रोज येते.

मी दिवाणावर लेटलो. ती स्टूल ओढून बसली, माझ्या नजरेच्या पातळीवर. सगळं इंग्रजीत चाललं होतं, मी माझ्या भाषेत लिहितो. इकडचं तिकडचं विचारून तिनं विचारलं, घरी तुमच्यासोबत कोण असतं?

मला म्हणायचं होतं, मुलगी. तोंडातून आलं, "कोणी नाही."

तिनं तिच्या कार्डाकडं एकदा पाहिलं. मग ते उलटं करून मांडीवर ठेवलं आणि हात त्यावर ठेवला. आधी कोण असायचं, म्हणून विचारलं. मी सांगितलं, बायको. सकाळी ती तुमच्यासाठी काय करायची? मी म्हटलं, चहा करायची. बीपीची गोळी द्यायची. घेतली का म्हणून दोनदा विचारायची, मी घेतलेली असली तरी. ती स्टुलावर पुढं सरकली. मग हळूच विचारलं, आज घेतली?

घेतली नव्हती. काल पण नाही. तू गेल्यापासून कधी घेतली, कधी नाही, हे मी स्वतःलाच सांगितलं नव्हतं, आणि या परक्या भाषेत, उताणा पडल्या पडल्या, तिला सांगून टाकलं. ती रागावली नाही. गोळ्या कुठं असतात विचारलं, उठून फ्रिजवरचा डबा आणला, पाण्याचा पेला दिला, मी गिळेपर्यंत समोर उभी राहिली. पुन्हा बसली आणि विचारलं, उद्या ही कोण देणार? मी म्हटलं, मीच घेईन. कधी? चहाच्या आधी. म्हणा परत एकदा. मी परत एकदा म्हटलं.

मग ती आपल्या भाषेत आली. "झालं काकाजी." तिनं कार्ड उचलून गठ्ठ्यात ठेवलं. "आता सांगा. घेऊ का तारीख?"

'अजून थोडं कच्चं आहे' एवढं म्हटलं असतं तर तिनं मान्य केलं असतं. विचारलंही नसतं, कुठं कच्चं आहे म्हणून. तुझा शब्द म्हणून ऐकलं असतं. आणखी सहा महिने, वर्ष, ती रामदासपेठेतल्या त्या वॉर्डात राहिली असती. कोणाच्या तरी कुसुमची कूस तिनं बदलली असती. दर रविवारी इथं आली असती, आणि गोळी घेतली का म्हणून मला कोणी विचारलं असतं. शब्द जिभेवर आला होता, कुसुम. मी दिवाणावर उठून बसलो.

"घे," म्हटलं. "तयार आहेस तू."

तिनं वाकून माझ्या पायाला हात लावला आणि पळतच जिना उतरली, भावाला फोन करत. मी दार लावलं, पेला धुऊन ठेवला आणि हे लिहायला बसलो. भांडण मिटलं असं समजू नकोस. मी अजूनही माझ्याच बाजूला आहे, आता तर जास्तच. ती फार चांगली नर्स झाली आहे वं. इतकी चांगली, की तिला इथून जाऊ द्यायला नको होतं.